जखमेवरचा फोम, फोममधली चांदी

"उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरली की झालं." खरचटलेल्या गुडघ्याला मराठी घरांत हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे. जोडीला हळद, कधी लाल औषध, कधी डबीतली अँटिबायोटिक पावडर. साध्या खरचटण्याला हे सगळं खपून जातं, कारण धडधाकट माणसाची वरवरची जखम काही लावलं तरी भरते आणि नाही लावलं तरी भरते. श्रेय मात्र पावडर घेऊन जाते. खरी कसोटी लागते ती महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांत. मधुमेह असलेल्याच्या तळपायाला पडलेलं भोक, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडावरचा बेडसोअर, व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्याच्या वर झालेला आणि वर्षानुवर्षं वाहणारा व्रण, या त्या जखमा.

अशा जखमेवर आज शहरातले सर्जन पुष्कळदा एक जाडसर, मऊ, करड्या रंगाचा चौकोनी तुकडा लावतात. हा जंतुरोधक फोम. एका तुकड्याला काहीशे रुपये पडतात, मोठ्या आकाराला हजाराच्या वर. बिल पाहिल्यावर घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: एवढे पैसे घालून जखम भरेल ना? दुकानदार हो म्हणतो, कंपनीचं माहितीपत्रकही हो म्हणतं. खरं उत्तर इतकं सरळ नाही. त्यासाठी फोम काय करतो आणि त्यातलं औषध काय करतं, हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात.

जखमेला वारं लागू देण्याच्या समजुतीला १९६२ साली जोराचा धक्का बसला. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने तरुण डुकरांच्या पाठीवर उथळ, एकसारख्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. प्रयोगाला डुक्कर घेतलं, कारण त्याची कातडी माणसाच्या कातडीच्या बरीच जवळ जाते. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. 'नेचर'मध्ये छापलेला हा निबंध जेमतेम दोन पानांचा होता, पण आजची झाडून सगळी आधुनिक ड्रेसिंग त्याच्या पोटी जन्मली आहेत. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाक यांनी माणसांवर प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला.

त्यामागचं कारण असं. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मध्याकडे येतात आणि उघडा पडलेला भाग झाकतात. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या त्याच्यावरून सहज पुढे जातात. जखम उघडी टाकली की लस वाळते, रक्त वाळतं, आणि खालच्या जिवंत त्वचेचाही पातळ थर सुकून खपलीत जमा होतो. मग नव्या पेशींना त्या कोरड्या थराच्या खालून, आड येणारे तंतू विकरांनी विरघळवत वाट काढावी लागते. आपण खपलीला बरं होण्याची खूण मानतो, पेशींच्या लेखी ती अडगळ असते.

म्हणजे जखम ओली ठेवायची? तसंही नाही. सतत भिजलेल्या जखमेच्या कडा पांढऱ्या पडतात, फुगतात, सुटतात, आणि जखम भरायच्या ऐवजी रुंदावत जाते.  शेतकऱ्याला पेरणीसाठी जमिनीत चिखलही नको असतो आणि धूळही नको असते, वाफसा हवा असतो. जखमेलाही वाफसाच लागतो, आणि तो दिवसचे दिवस टिकवून धरणं हे फोमचं मुख्य काम.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, म्हणजे गादीतल्या आणि सोफ्यातल्या फोमच्याच कुळातला. दोन रसायनं एकत्र आली की त्यांची साखळी बनते. त्यात पाणी असलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी ते मिश्रण फुगून येतं. गादीचा फोम पाणी फारसं ओढून घेत नाही. जखमेसाठीचा फोम मुद्दाम पाणी ओढणारा बनवतात, शिवाय त्याची छिद्रं लहान आणि एकसारखी ठेवतात. पाठीला एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यातून वाफ बाहेर जाते, पण बाहेरचं पाणी आणि जंतू आत येत नाहीत. जखमेकडच्या बाजूला अलीकडे मऊ सिलिकॉनचा थर देतात. तो कोरड्या कातडीला हलका चिकटतो, ओल्या जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग काढताना नव्याने आलेली त्वचा सोलून निघत नाही. जुन्या गॉजच्या पट्टीचा त्रास ज्याने भोगला आहे, त्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वाळलेलं गॉज ओढून काढताना रुग्ण ओरडतो, भळकन रक्त येतं, आणि चार दिवसांची कमाई गॉजबरोबर कचऱ्याच्या बादलीत जाते.

न भरणाऱ्या जखमेतून वाहणारी लस ताज्या जखमेच्या लसेइतकी निरुपद्रवी नसते. तिच्यात प्रथिनं तोडणारी विकरं फार झालेली असतात आणि शरीर जे नवं विणत असतं तेच ती उसवत बसतात. फोम ही जादा लस ओढून घेतो, एवढ्यानेही जखमेला बरीच उसंत मिळते. इथवर औषधाचा थेंबही आलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

आता औषध. जंतुरोधक फोममध्ये सर्वांत जास्त वापर चांदीचा होतो. चांदीची कीर्ती जुनी आहे. जर्मन डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली, आणि जन्माच्या वेळी होणाऱ्या जंतुसंसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. १९६५ साली कार्ल मॉयर यांनी अर्ध्या टक्क्याचं सिल्व्हर नायट्रेट भाजलेल्या जखमांवर वापरून दाखवलं. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. ते पांढरं मलम आपल्याकडच्या प्रत्येक बर्न वॉर्डात अजूनही आहे.

फोममधली चांदी धातूच्या रूपात काहीच करत नाही. जखमेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की तिचे आयन सुटतात आणि जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात. जंतूचं आवरण, श्वसनाची विकरं, डीएनए अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी मार बसतो. एखाद्या अँटिबायोटिकचा निशाणा बहुधा एकच असतो, म्हणून जंतू त्याच्यावर लवकर तोड काढतात. चांदीवर तोड काढणं अवघड, पण अशक्य नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एका बर्न विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याचा अहवाल १९७५ सालीच प्रसिद्ध झाला आहे. 'चांदीला रेझिस्टन्स नसतो' असं कुणी ठासून सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

चांदीशिवाय पीएचएमबी नावाचं द्रव्य वापरतात. पोहण्याच्या तलावाचं पाणी आणि कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण निर्जंतुक ठेवायला ते पूर्वीपासून वापरात आहे. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो, हे द्रव्य त्याला जाऊन बिलगतं आणि आवरण फाडतं. एका प्रकारच्या फोममध्ये मिथिलीन ब्लू आणि जेन्शन व्हायोलेट हे दोन रंग असतात. तोंड आलं की आत लावायचं ते जांभळं औषध ज्यांना आठवतं, त्यांना ही जुनी ओळख पटेल. काही फोममध्ये आयोडीनही असतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जंतू मेले की जखम भरते का? यावर अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिन सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी केलेला प्रयोग मला अजूनही सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये बुलोन इथे अल्म्रॉथ राइट यांच्या हाताखाली काम करत होता. खंदकांतून येणाऱ्या सैनिकांच्या जखमांत खतमातीची भर आणि गणवेशाच्या चिंध्या असत. लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा मार्ग दाखवला होता, त्याच मार्गाने सर्जन मंडळी या जखमांत जंतुनाशकं ओतत, आणि तरीही जखमा सडत. फ्लेमिंगने काचेची नळी तापवून तिला जागोजागी बारीक, पोकळ काटे ओढले. ही झाली बंदुकीच्या गोळ्यांनी नाही तर तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी फाटलेल्या जखमेची काचेची नक्कल. तिच्यात जंतूंनी भरलेलं द्रव घातलं, ते काढून जंतुनाशक भरलं, मग तेही काढून निर्जंतुक द्रव भरलं. काही तासांत नळी पुन्हा जंतूंनी भरली. काट्यांच्या टोकांशी दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचतच नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. तीव्र जंतुनाशकांनी शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या आधी मरत होत्या. औषध आपल्याच सैन्यावर गोळ्या झाडत होतं.

शंभर वर्षांनंतरही हे दोन्ही आक्षेप उभेच आहेत. फोममधून चांदी हळूहळू, कमी प्रमाणात सुटते, त्यामुळे दुसऱ्या आक्षेपाची धार बरीच बोथट झाली आहे. पहिला जसाच्या तसा राहिला आहे. फोम पृष्ठभागावर काम करतो. तळपायाच्या जखमेत सर्जनने बोथट सळई घातली आणि ती टणक हाडाला टेकली, तर हाडातच संसर्ग असल्याची दाट शंका असते. तिथे वरून कितीही चांदी लावली तरी ती हाडापर्यंत जाणार नाही. तिथे पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते.

पृष्ठभागावरसुद्धा जंतू मोकळे बसलेले नसतात. जुन्या जखमेत ते चिकट आवरण विणून त्याच्या आत वस्ती करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत जुन्या जखमांपैकी ६० टक्के जखमांत बायोफिल्म सापडलं, ताज्या जखमांत फक्त ६ टक्के. आवरणाच्या आतल्या जंतूंना चांदीची झळ कमी लागते. म्हणून आधी जखम खरवडून मेलेला थर काढायचा आणि मग जंतुरोधक ड्रेसिंग लावायचं, हा क्रम. बायोफिल्म काही दिवसांत परत जमू लागतं, त्या मधल्या वेळात चांदीचा खरा उपयोग होतो. न खरवडलेल्या पिवळट, बुळबुळीत थरावर महागडा फोम चिकटवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं मी तरी म्हणेन.

आकडे काय सांगतात तेही पाहू. पायावरच्या व्हेरिकोज व्रणांसाठी ब्रिटनमध्ये 'व्हल्कन' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. २१३ रुग्णांपैकी निम्म्यांना चांदीची ड्रेसिंग, निम्म्यांना बिनचांदीची, आणि दोन्हीकडे वरून पायाला दाब देणारी घट्ट पट्टी. बारा आठवड्यांनी चांदीच्या गटात सुमारे ६० टक्के व्रण भरले होते, दुसऱ्या गटात सुमारे ५७ टक्के. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. खर्च मात्र चांदीच्या गटात जास्त झाला. दोन्ही गटांत व्रण भरले ते मुख्यतः त्या दाबपट्टीमुळे. मधुमेही पायाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शनात तर स्पष्टच सांगितलं आहे की केवळ जखम लवकर भरावी म्हणून जंतुरोधक ड्रेसिंग वापरू नये.

मग हा फोम टाकाऊ आहे का? अजिबात नाही. त्याची जागा ठरलेली आहे, आणि ती जाहिरातीत दाखवतात त्यापेक्षा लहान आहे. जखम नुसती रेंगाळलेली नाही तर स्थानिक संसर्गाची लक्षणं दाखवू लागली आहे, तेव्हा तो कामाचा. लस एकाएकी वाढते, वास येऊ लागतो, लालबुंद दाणेदार मांस हात लावताच रक्ताळतं, न दुखणारी जखम दुखू लागते, गेल्या पंधरवड्यात कमी होत आलेलं माप पुन्हा वाढतं. अशा वेळी जंतूंचा भार उतरवायला चांदीचा किंवा पीएचएमबीचा फोम चांगला हातभार लावतो. भाजलेल्या रुग्णाला त्याचा आणखी एक मोठा फायदा होतो. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम रोज पुसून रोज लावावं लागतं, फोम काही दिवस तसाच ठेवता येतो. बर्न वॉर्डात ड्रेसिंग बदलण्याची वेळ झाली की काय आक्रोश होतो, ते ऐकलेल्याला हा फायदा लहान वाटणार नाही. शिवाय ते मलम नव्या त्वचेच्या वाढीला उशीर लावतं, हेही अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसून आलं आहे.

मुदतीचाही एक नियम आहे. २०१२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने चांदीच्या ड्रेसिंगसाठी दोन आठवड्यांची चौकट सुचवली. दोन आठवडे लावा, मग जखम नीट पाहा. संसर्गाची लक्षणं गेली असतील तर चांदी थांबवून साध्या फोमवर या. सुधारणा आहे पण लक्षणं शिल्लक आहेत, तर आणखी काही दिवस चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर चांदी बदलून भागणार नाही, निदानच पुन्हा तपासा. आपल्याकडे घडतं ते असं की एकदा चालू झालेलं ड्रेसिंग महिनोन्‌महिने चालूच राहतं, कारण ते थांबवा असं सांगणारं कुणी नसतं.

घरी ड्रेसिंग बदलण्याची वेळ आता पुष्कळांवर येते. बेडसोअर असलेल्या आजोबांना पंधरा दिवसांनी डिस्चार्ज मिळतो, आणि सूनबाई किंवा घरी येणारी सिस्टर फोम बदलू लागते. तिच्यासाठी थोडं तपशिलात सांगतो. हात साबणाने धुवायचे, पेशंटला कुशीवर वळवायचं. जुना फोम एका कोपऱ्यापासून, कातडी दुसऱ्या हाताने दाबून धरत, हळूहळू सोडवायचा. फोम उलटा करून पाहायचा. डाग केवढा आहे, कोणत्या रंगाचा आहे, हीच खरी माहिती असते. हिरवट झाक आणि उग्र गोडसर वास आला तर बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो. चांदीच्या फोमखाली जखमेवर किंवा कडेला करडा-काळा डाग दिसला तर घाबरू नये. घरचे अनेकदा 'जखम काळी पडली' म्हणून रात्रीच फोन करतात. ती चांदीची छटा असू शकते, पुसली तर बऱ्याच अंशी निघते. न निघणारा, जाड, कोरडा काळा भाग मात्र मेलेल्या मांसाचा असतो, तो डॉक्टरांना दाखवायचा.

जखम सलाईनने हलकेच धुवायची. इथे एक चूक सर्रास होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला की जखम साफ झाली असं वाटतं, आणि सरकारी रुग्णालयात शिकलेली सिस्टर हमखास युसोल मागते. युसोल हे ब्लीचिंग पावडर आणि बोरिक आम्लाचं द्रावण, १९१५ साली एडिंबरात युद्धातल्या जखमांसाठीच तयार झालेलं. ही दोन्ही द्रव्यं नव्या पेशी जाळतात, आणि पॉलियुरेथेनचा फोमही बिघडवतात. फोम लावायचा असेल तर ही दोन्ही बाटल्या बाजूला ठेवायच्या. काही चांदीच्या ड्रेसिंगना तर सलाईनसुद्धा चालत नाही, कारण मिठातलं क्लोराइड चांदीच्या आयनांना अडकवून टाकतं. त्यांना निर्जंतुक पाणी लागतं. पाकिटावर ते लिहिलेलं असतं, आणि ते वाचावं.

भोवतालची कातडी कोरडी टिपायची. फोम जखमेच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जाईल एवढा घ्यायचा. वरच्या बाजूवर पेनाने तारीख लिहायची, ही सवय फार उपयोगी पडते. मग रोज उघडून पाहायचं नाही. 'रोज पट्टी बदललीच पाहिजे' हा गॉजच्या काळातला नियम आहे. प्रत्येक वेळी उघडलं की जखम थंड पडते आणि पेशींचं काम थोडा वेळ मंदावतं. डाग फोमच्या कडेजवळ पोचला, कड सुटली किंवा शीने फोम खराब झाला तर बदलायचा. नाहीतर तीन-चार दिवस, कमी वाहणारी जखम असेल तर अगदी सात दिवसही तो राहू शकतो. तुकड्याची किंमत जास्त असली तरी महिन्याला लागणारे तुकडे आणि सिस्टरच्या फेऱ्या धरून हिशेब मांडला, तर रोजच्या गॉजपेक्षा तो फार महाग पडतोच असं नाही. कोरड्या, न वाहणाऱ्या जखमेवर मात्र फोम लावू नये. ओढायला लस नसेल तर तो आहे तो ओलावाही ओढून घेतो.

कल्चर रिपोर्टबद्दलही एक शब्द. जखमेवर कापूस फिरवून नमुना पाठवला की रिपोर्टात दोन-तीन जंतूंची नावं येणारच. जुन्या जखमेवर जंतू असतातच, आणि ते असणं म्हणजे संसर्ग नव्हे. रिपोर्टातलं नाव वाचून चांदीचा फोम आणि वर अँटिबायोटिकचा कोर्स अशी दुहेरी फैर झाडणं हा रुग्णाच्या खिशावर आणि आतड्यांवरही अन्याय आहे. संसर्ग जखमेकडे पाहून ठरतो, आणि रिपोर्ट औषध निवडायला मदत करतो.

जंतू मारणारं काहीही नसताना निव्वळ ओलावा किती काम करतो, याचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या मुलांवर उकडलेल्या बटाट्यांच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. साली गॉजवर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केल्या जात. भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झालं. नुसत्या गॉजखाली जखम वाळत होती, सालीखाली ती ओलसर राहून लवकर झाकली जात होती. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं वापरून तेच साधलं, बटाट्याच्या सालींपेक्षा कितीतरी कमी खर्चात. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना दुखत नाही. हे प्रयोग रुग्णालयात, निर्जंतुक करून झाले होते. घरी परसातलं पान तोडून लावायचं नाही, हे सांगायला हवं, कारण कुणीतरी लावेलच.

फोमच्या बाजूने असलेला एक चांगला पुरावा तर बिनऔषधी फोमचाच आहे, आणि तोही जखम व्हायच्या आधीचा. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे अतिदक्षता विभागातल्या ४४० रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांच्या माकडहाडावर आणि टाचांवर सिलिकॉनचा थर असलेला साधा फोम आधीच लावून ठेवला. त्यांच्यापैकी ३.१ टक्के रुग्णांना बेडसोअर झाला, बाकीच्यांपैकी १३.१ टक्के रुग्णांना. दोन्हीकडे नेहमीची काळजी चालूच होती. कूस बदलणं टाळून नुसता फोम लावला तर असा फरक पडेल असं कुणी समजू नये.

जखम का भरत नाही याचं उत्तर बहुधा फोमच्या बाहेरच सापडतं. घोट्याच्या वरचा व्रण भरत नाही कारण शिरांमधून रक्त वर चढत नाही आणि पायाला सूज राहते. दिवसभर उभं राहणारे आचारी, न्हावी, वाहतूक पोलीस यांना तो होतो, आणि त्याला दाबपट्टी लागते. (पायाच्या धमन्यांत रक्त पुरेसं आहे ना, हे तपासल्याशिवाय ती बांधायची नाही.) बेडसोअर भरत नाही कारण पेशंट तासन्‌तास त्याच बाजूवर पडून असतो, आणि अनेकदा त्याच्या पोटात प्रथिनं जात नाहीत. ताकभात आणि पेज यांवर जखम विणली जात नाही.

मधुमेही पाय भरत नाही कारण माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. हे कोडं आधी कुष्ठरोगाने सोडवलं. दक्षिण भारतात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं की कुष्ठरुग्णांचे तळपाय रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे रुग्ण बोचणाऱ्या जागेवरच वजन टाकत राहतात. पायाला नेमकं बसणारं प्लास्टर घालून दाब वाटून दिला की वर्षानुवर्षांचे व्रण भरत. पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी तीच रीत मधुमेही पायांना लावली. आज जगभर वापरलं जाणारं हे प्लास्टर आणि मऊ एमसीआर रबराच्या चपला ही दोन्ही कुष्ठरोगाच्या कामाची देणगी आहे. आनंदवनासारख्या संस्थांमुळे महाराष्ट्राला कुष्ठरुग्णांच्या पायांचे व्रण परके नाहीत. मधुमेह मात्र आता घरोघर आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी कितीकांना आपल्या तळपायाला टाचणी लागलेली कळणार नाही.

तेव्हा फोम घ्या, परवडत असेल आणि डॉक्टरांनी कारण सांगून दिला असेल तर जरूर घ्या. चांदीचा दिला असेल तर तो किती दिवसांसाठी, हे त्याच वेळी विचारून ठेवा, आणि चौदाव्या दिवशी जखमेचं माप पहिल्या दिवसाच्या मापाशी ताडून पाहा. मोबाइलवर शेजारी पट्टी धरून काढलेला फोटो पुरतो. मधुमेह असलेल्याच्या पायाला जखम दिसली, मग ती दुखत नसली तरी, कोणतंही ड्रेसिंग शोधण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप आला, जखमेभोवतीची लाली पसरू लागली किंवा बोट काळं-निळं पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.